मिशन शाळेत पालकांची तक्रार आली की काय करायचं

महाराष्ट्रातल्या बऱ्याचशा ख्रिस्ती शाळांत पटावरची बहुतांश मुलं ख्रिस्ती नसतात. शाळा चर्चची किंवा एखाद्या सिस्टरांच्या संघाची, मुलं मात्र गावातल्या सगळ्या घरांतली. त्यामुळे इथे येणाऱ्या तक्रारी इतर शाळांसारख्याच असल्या, म्हणजे मार्क, मारणं, फी, बस, डब्यातली चोरी, तरी त्यांच्या मागे बरेचदा एक न बोललेला प्रश्न असतो: ‘आम्ही त्यांच्यातले नाही म्हणून असं झालं का?’ हा प्रश्न तोंडावर आला नाही तरी तो खोलीत आहे असं धरूनच चालावं. मी अशा शाळेत वर्गशिक्षिका होते, नंतर पर्यवेक्षिका झाले. पुढचं सगळं मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि व्यवस्थापक यांच्यासाठी लिहिलं आहे. पालकांनी वाचलं तरी हरकत नाही.

आधी मत्तय १८ बद्दल

मत्तयच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, येशूने तंटा मिटवायची रीत सांगितली आहे. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून सांग. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना बरोबर घे. तरीही नाही ऐकलं तर मंडळीपुढे मांड. जगभरच्या अनेक ख्रिस्ती शाळांनी तक्रारीचा रस्ता याच पायऱ्यांवर बेतला आहे: आधी संबंधित शिक्षक, मग पर्यवेक्षक किंवा मुख्याध्यापक, शेवटी व्यवस्थापन. गृहपाठ जास्त दिला, पेपर नीट तपासला नाही, मुलाला मागच्या बाकावर बसवलं, अशा गोष्टींसाठी ही रीत उत्तम आहे. निम्म्या तक्रारी पहिल्याच पायरीवर संपतात, आणि शिक्षकालाही आपल्या पाठीमागे कोणी वर गेलं असं वाटत नाही.

पण ही रीत दोन भावांची आहे, म्हणजे बरोबरीच्या माणसांची. सात वर्षांचं पोर आणि त्याची टीचर बरोबरीची नसतात. मुलाला मारलं, अंगाला हात लावला, धमकावलं, जातीवरून किंवा धर्मावरून बोललं, फीच्या नावाखाली पैसे घेतले, अशा तक्रारीत ‘आधी टीचरना भेटून या’ म्हणणं म्हणजे पालकांना ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याच दारात उभं करणं. तुमच्या शाळेच्या डायरीत तक्रारीचा रस्ता छापला असेल तर त्याखाली आणखी एक ओळ छापा: मुलाच्या सुरक्षिततेबद्दलची तक्रार थेट मुख्याध्यापकांकडे, केव्हाही, वेळ न घेता.

तक्रार येण्याआधीची तयारी

डायरीत तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणाला भेटायचं, कोणत्या वारी किती वाजता, आणि उत्तर किती दिवसांत मिळेल. साध्या तक्रारीला सात दिवस पुरतात. हे मराठीतही छापा. इंग्रजी माध्यमाची शाळा असली तरी पालक इंग्रजी माध्यमाचे असतीलच असं नाही.

मग गेट आणि ऑफिस. चिडून आलेल्या बापाची पहिली गाठ वॉचमनशी पडते, दुसरी क्लार्कशी. ‘सिस्टर बिझी आहेत, उद्या या’ हे वाक्य तक्रारीला दुप्पट करतं. दोघांनाही एकच वाक्य शिकवा: ‘बसा, नाव लिहून देतो, आज कधी भेटता येईल ते विचारून येतो.’ आज जमणार नसेल तर दिवस आणि वेळ लिहून द्यायची.

भाषेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. प्रिन्सिपल सिस्टर पुष्कळदा केरळच्या, मंगळूरच्या किंवा गोव्याच्या असतात. बोलणं इंग्रजीत सुरू झालं की वडील मान डोलावतात, ‘ओके सिस्टर’ म्हणतात आणि खरं काय ते रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीत लिहितात. सिस्टरांचं मराठी मोडकं असलं तरी सुरुवात त्यांनी मराठीतच करावी. सोबत एखादी मराठी बोलणारी शिक्षिका बसवावी. शिपायाला किंवा क्लार्कला दुभाषा करू नये, घरातलं बोलणं त्यांच्यासमोर होत नाही. आणि ज्या टीचरबद्दल तक्रार आहे तिला तर मुळीच बसवू नये. हे सांगावं लागतं, कारण असं घडताना मी पाहिलं आहे.

पहिली भेट

टेबलाच्या पलीकडे न बसता बाजूच्या खुर्चीत बसा. फोन उलटा ठेवा. वही उघडा आणि परवानगी विचारूनच लिहा: ‘तुम्ही सांगता ते मी लिहून घेते, शेवटी वाचून दाखवते, चालेल ना?’ लिहिणाऱ्यासमोर माणूस आपोआप सावकाश आणि मुद्द्याचं बोलतो.

पहिल्या भेटीत बचाव करायचा नाही. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात दोन सूचना आहेत. ऐकण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा, आणि पहिल्याने बाजू मांडणारा खरा वाटतो तो दुसरा येऊन विचारपूस करेपर्यंत. दोन्ही एकत्र पाळायच्या. म्हणजे पालकांचं पूर्ण ऐकायचं, आणि तरीही त्या खोलीत निकाल द्यायचा नाही.

एक नमुना बघा. घरात लग्न होतं, तिसरीतली मुलगी मेंदी लावून आली, टीचरने तिला वर्गाबाहेर उभं केलं. वडील म्हणतात, ‘सिस्टर, लग्नघरात पोरीच्या हाताला मेंदी लागणारच ना? तुमच्यात नसते म्हणून आमच्या पोरींनी लावायची नाही का?’

सहज तोंडात येणारं उत्तर असं: ‘नियम डायरीत आहे, तुम्ही सही केली आहे.’ ते खरं असतं, आणि इथून तक्रार मेंदीची न राहता धर्माची होते.

त्याऐवजी विचारा: ‘ती किती वेळ बाहेर होती? घरी आल्यावर काय म्हणाली?’ बहुतेक वेळा वडील थांबतात आणि सांगतात की दोन तास उभी होती, डबाही बाहेरच खाल्ला, उद्या शाळेत जाणार नाही म्हणते. म्हणजे तक्रार मेंदीच्या नियमाची नसून उभं करण्याची आहे. नियमावर मतभेद होऊ शकतो, दोन तास उभं करण्यावर होऊ शकत नाही.

निघण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: ‘तुम्हाला काय व्हायला हवं आहे?’ अनेकांनी याचा विचारच केलेला नसतो. काहींना फक्त टीचरने मुलीशी नीट बोलावं एवढंच हवं असतं, आणि आपण इकडे चौकशी समितीच्या तयारीला लागलेलो असतो.

नोंद

तक्रार नोंदवहीत लिहिली नाही तर ती आलीच नाही असं समजा. रकाने साधे ठेवा: तारीख, तक्रारदार, पालकांच्याच शब्दांत तक्रार, त्यांची अपेक्षा, कोणाकडे सोपवली, कधीपर्यंत कळवायचं, काय निष्पन्न झालं, कसं कळवलं. ‘पालकांच्याच शब्दांत’ हा रकाना तुमच्या भाषेत सुधारून लिहू नका. ‘टीचरने पोराला गावठी म्हटलं’ याचं ‘अयोग्य शब्दप्रयोग’ झालं की चौकशीत काहीच हाती उरत नाही. लेखी अर्ज आला तर आवक क्रमांक घालून पोच द्या. मुलाच्या सुरक्षिततेची प्रकरणं या वहीत नकोत, ती वेगळ्या बंद फायलीत, मुख्याध्यापकांच्या ताब्यात.

तक्रारपेटी असेल तर ती ठरलेल्या दिवशी, शिक्षक आणि पालक प्रतिनिधींसमोर उघडा. निनावी चिठ्ठी फाडून टाकू नका. निनावी लिहिणारा बरेचदा आठवी-नववीतला विद्यार्थीच असतो, आणि नाव न लिहिण्याचं कारण त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

जिथे मिटवायचं नसतं

लैंगिक छळाची शंका आली की तुमची चौकशी सुरू होण्याआधीच कायदा सुरू होतो. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा २०१२ चं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची भीती वाटली तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही तर कलम २१ प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘आधी आपण खातरजमा करू, मग पोलिसांत जाऊ’ अशी सवलत यात नाही. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारने असा प्रकार २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणंही शाळांवर बंधनकारक केलं.

प्रत्यक्षात काय करायचं? आई जे सांगते ते जसंच्या तसं लिहून तिची सही घ्या. मुलीला पुन्हा पुन्हा विचारू नका, तिला संशयितासमोर आणू नका, वर्गातल्या इतर मुलांना बोलावून ‘तुम्ही काही पाहिलं का’ हा तमाशा करू नका. संबंधित माणूस त्या क्षणापासून मुलांजवळ नको. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पुसलं जाणार नाही याची लगेच व्यवस्था करा. पोलिसांना कळवा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर आईच्या हातात द्या. मुलीचं नाव स्टाफरूममध्येसुद्धा उच्चारायचं नाही.

संशयित माणूस पाळक असो, फादर असो, ब्रदर असो की शिपाई, पायऱ्या त्याच. चर्चची अंतर्गत चौकशी वेगळी चालू द्या, पोलिसांऐवजी ती चालत नाही. आणि या टप्प्यावर कोणीही, कितीही सद्हेतूने, त्या आईला क्षमेबद्दल काही सांगू नये. ‘आपण प्रार्थना करू’ हे वाक्य या ठिकाणी तोंड बंद करण्यासाठी वापरलं जातं आणि समोरच्याला ते बरोबर कळतं.

मारण्याच्या तक्रारीबद्दल एक कायदेशीर गुंता आहे. २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हक्क कायदा २००९ अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असं म्हटलं. काही व्यवस्थापक त्यावरून ‘आपल्याला त्यातलं कलम १७, म्हणजे मुलांना मारण्याची मनाई, लागत नाही’ असं सांगतात. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला आहे. त्याचं काय व्हायचं ते होवो, बालन्याय कायदा २०१५ मधलं कलम ७५, म्हणजे ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागण्याबद्दलचं, कुठल्याच शाळेला सोडत नाही. शिवाय छडी वापरण्यासाठी संविधानाचं कलम ३०, म्हणजे अल्पसंख्याकांचा शाळा चालवण्याचा हक्क, पुढे करणारी शाळा पालकांसमोर कशी दिसते याचाही विचार करावा.

धर्माबद्दलच्या तक्रारी

टिकली, बांगड्या, राखी, गजरा, गणपतीची सुट्टी, असेंब्लीतली प्रार्थना, नाताळच्या नाटकातलं काम, उपासाच्या दिवशीचा डबा. इथे शाळेला काय करता येतं आणि काय नाही हे स्टाफलाच नीट माहीत नसतं, म्हणून उत्तरं एकतर ताठर येतात किंवा घाबरलेली.

कलम ३०(१) अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. म्हणजे शाळेने आपलं ख्रिस्तीपण लपवायची गरज नाही. भिंतीवर क्रूस असेल, संस्थापकांच्या सणाला सुट्टी असेल, त्याबद्दल माफी मागू नये. पण कलम २८(३) तेवढंच स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला संमतीशिवाय बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती संमती पालकांची लागते. अनेक शाळांत कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाला, जातात आणि बाकीची मॉरल सायन्सला, म्हणजे नीतिशिक्षणाला. ही जुनी विभागणी या कलमाशी जुळणारीच आहे. घोळ होतो तो मॉरल सायन्सच्या तासाला कोणी उत्साहाने बायबलचा पाठ घेतला की.

२०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने कॅथलिक शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नयेत, असेंब्लीत संविधानाची उद्देशिका म्हणावी, सर्व धर्मांचा आदर राखावा, असं त्यात आहे. पालकांशी बोलताना हा कागद फार उपयोगी पडतो, कारण तो चर्चचाच आहे.

म्हणून प्रार्थनेबद्दल तक्रार आली तर असं बोला: ‘प्रार्थना शाळेची आहे, ती होणार. तुमच्या मुलाने हात जोडायचे की नाही, म्हणायची की शांत उभं राहायचं, हे तुम्ही ठरवा आणि मला लिहून द्या. त्यावरून त्याला कोणी काही बोलणार नाही, ही माझी जबाबदारी.’ आणि मग ती जबाबदारी खरंच घ्या, त्याच दिवशी वर्गशिक्षकांना लेखी कळवा. टिकली-बांगड्यांचा गणवेशाचा नियम असेल तर तो सगळ्यांना सारखा आहे का बघा. गळ्यातला क्रूस चालतो आणि हातातला गंडा चालत नाही, असा नियम एकाही पालकाला समजावता येणार नाही. समजावूही नये, बदलावा. सणांच्या दिवसांत राखी आणि मेंदीला सूट द्यायला शाळेचं काही जात नाही.

मराठी शिकवत नाहीत, मराठी बोललं म्हणून दंड केला, ही तक्रारही याच गटात धरा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत मराठी सक्तीची आहे. मधल्या सुट्टीत मराठी बोलल्याबद्दल मुलाच्या गळ्यात पाटी अडकवणाऱ्या शाळेची बाजू मला घेता येणार नाही.

कधी तक्रार पालकांऐवजी एखाद्या संघटनेचे कार्यकर्ते घेऊन येतात, मोबाईलवर व्हिडिओ चालू असतो. गेटवर वाद घालू नका. दोघा-तिघांना आत घ्या, निवेदन घ्या, पोच द्या, आणि एवढंच सांगा की मुलाबद्दल आम्ही फक्त त्याच्या पालकांशीच बोलतो. मुलाचं नाव, टीचरचं नाव, काहीही पुष्टी करू नका. लगेच शिक्षणाधिकारी कार्यालयाला आणि स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा. मुंबईत असाल तर शिक्षण निरीक्षकांना. मूळ पालकांना त्याच संध्याकाळी तुम्हीच फोन करा, कारण त्यांनाही हा जमाव नको असण्याची शक्यता बरीच असते.

टीचरची बाजू

शिक्षकाला पालकांचं म्हणणं लेखी द्या आणि खुलासा लेखी घ्या. मेंदीच्या प्रकरणात टीचरचं म्हणणं काय होतं? ‘पर्यवेक्षकांनीच सक्त सूचना दिली होती.’ असं निघालं तर चौकशी पर्यवेक्षकांपर्यंत जाते. तशी जाऊ द्यावी.

‘त्या टीचरला काढा’ ही मागणी हमखास येते. त्याला हो म्हणू नका. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ चे नियम आहेत. ताकीद वेगळी, वेतनवाढ रोखणं वेगळं, आणि कामावरून काढायचं तर आरोपपत्र आणि चौकशी समिती लागते. ती वाट चुकली की शाळा न्यायाधिकरण टीचरला परत आणून बसवतं, आणि मग पालकांना दिलेला शब्द तुम्हाला गिळावा लागतो. पालकांना एवढंच सांगा की आम्ही तपासलं, काय चूक झाली ते मान्य आहे, कार्यवाही नियमांप्रमाणे होईल. शिक्षा कोणती झाली हे सांगायला तुम्ही बांधील नाही.

रविवारची तक्रार

ही खास आपल्याकडची. पॅरिशमधले, म्हणजे त्या चर्चच्या मंडळीतले, पालक शाळेत येत नाहीत, मिस्सा (रविवारची उपासना) संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर फादरना गाठतात. फादर व्यवस्थापक असतात, मनाने मऊ असतात, ‘मी सिस्टरांना सांगतो’ म्हणतात. सोमवारी मुख्याध्यापकांना निरोप मिळतो की अमक्याच्या मुलाची तुकडी बदला. तक्रारीची नोंद नाही, दुसरी बाजू नाही आणि निर्णय मात्र झालेला. बिगरख्रिस्ती पालकांना हे कळल्याशिवाय राहत नाही. व्यवस्थापकांनी ऐकून घ्यावं आणि एवढंच म्हणावं: ‘उद्या शाळेत लेखी द्या, उत्तर मिळालं नाही तर माझ्याकडे या.’

फीबद्दल थोडक्यात. २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे फीवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे नवं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी जायला हवा. तो गेला असेल तर इतिवृत्त दाखवा. गेला नसेल तर पालकांचं बरोबर आहे.

उत्तर लेखी द्या

मेंदीच्या प्रकरणाचं उत्तर साधारण असं असावं:

‘आपण भेटून सांगितलेल्या तक्रारीची आम्ही चौकशी केली. आपल्या मुलीला मेंदीच्या कारणावरून दोन तास वर्गाबाहेर उभे केले होते, हे खरे आहे. तसे करणे चूक होते आणि त्याबद्दल शाळा आपली व तिची माफी मागते. संबंधितांबाबत नियमानुसार कार्यवाही होत आहे. सण व कौटुंबिक समारंभांच्या काळात मेंदीस सूट देण्याचा विषय पालक-शिक्षक संघाच्या पुढील बैठकीत घेतला जाईल. तोपर्यंत कोणत्याही विद्यार्थिनीस यावरून वर्गाबाहेर ठेवले जाणार नाही. या उत्तराने आपले समाधान झाले नसल्यास पंधरा दिवसांत शाळेच्या व्यवस्थापकांकडे लेखी कळवावे.’

‘भावना दुखावल्या असल्यास’ हे त्यात घालू नका. दोन तास उभी होती ती मुलगी, भावना नव्हे. तक्रार खोटी निघाली तरीही उत्तर लेखीच द्या: काय तपासलं, काय आढळलं, आणि कशामुळे आम्ही सहमत नाही. तिथेही चिमटे नकोत.

त्यानंतरचा महिना

पालक गप्प बसतात त्याचं खरं कारण पुष्कळदा एकच असतं, मुलाला त्रास होईल. म्हणून उत्तर दिल्यावर फाईल लगेच बंद करू नका. ‘तुझे पप्पा ऑफिसमध्ये आले होते ना, मग आता तूच शिकव वर्गाला’ हे वाक्य वर्गात पडलं तर वर लिहिलेलं सगळं पाण्यात. टीचरला आधीच स्पष्ट सांगा की यापुढे या मुलीबद्दल काही शिस्तीची गोष्ट निघाली तर ती थेट पर्यवेक्षकांकडे आणायची. दोन आठवड्यांनी घरी एक फोन करा, तक्रारीचा विषय न काढता मुलगी कशी आहे एवढंच विचारा. चाचणीच्या मार्कांत एकदम घसरण दिसली तर पेपर दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्या.

आणि मे महिन्याचं लक्षात ठेवा. सिस्टरांची, फादरची बदली संघ किंवा धर्मप्रांत ठरवतो, नव्या प्रिन्सिपल जूनमध्ये येतात आणि त्यांना मागचं काहीच ठाऊक नसतं. चार्ज देताना चाव्या, डेड स्टॉक (शाळेच्या सामानाची यादी) आणि बँकेची पासबुकं दिली जातात, तक्रारींची वही कपाटात राहते. चार्जच्या यादीत तिची वेगळी नोंद करा, अपुऱ्या राहिलेल्या तक्रारी एका कागदावर लिहा आणि कोणत्या पालकांना कोणता शब्द दिला आहे ते त्यापुढे मांडा. बंद फायली नव्या प्रिन्सिपलच्याच हातात सही घेऊन द्या, क्लार्कमार्फत नकोत.